कलम १०८ चा जबाब

(लेखमाला : माणसाचे हक्क, भाग ९)

गेल्या भागात आपण पोलीस कोठडी पाहिली. आज उरण तालुक्यात जायचं आहे. इथे माणसाला बसवून ठेवण्याचा अधिकार असलेले पुष्कळ जण खाकी घालतच नाहीत.

न्हावा शेवा बंदर १९८९ च्या मे महिन्यात सुरू झालं. इथे उतरलेला कंटेनर बाहेर पडायचा तर त्याचे कागद जवाहरलाल नेहरू कस्टम हाउसमधून जावे लागतात. कागदावरचा माल आणि आतला माल जुळला नाही, की कस्टमची तपास शाखा किंवा डीआरआय, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालय, मध्ये पडतं आणि समन्स निघतात. आयातदाराला, त्याच्या सीएचएला, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एजंटला, सीएचएकडच्या ज्या पोरानं नुसतं बिल ऑफ एंट्री भरलं त्याला, कधी सीएफएसच्या, म्हणजे कंटेनर गोदामाच्या, सुपरवायझरला, कधी ट्रेलरच्या ड्रायव्हरलाही.

समन्सवर कलम असतं : कस्टम्स कायदा १९६२, कलम १०८. बोलावलेल्यानं यायलाच हवं आणि खरं बोलायलाच हवं. ही चौकशी न्यायिक कार्यवाही समजली जाते, त्यामुळे खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा. जबाब बहुधा त्याच्याच हस्ताक्षरात घेतात आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं, की हे सगळं मी राजीखुशीनं, कोणत्याही धाकाविना सांगितलं आहे. खाली सही.

या सहीचं वजन कळायचं असेल तर पोलिसांशी तुलना करावी लागते. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुराव्यात चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते २३ झालं. त्यामागचा विचार व्यवहारी आहे. छळ करणाऱ्याला शिक्षा होणं अवघड, कारण बंद खोलीत साक्षीदार नसतो. पण मारून मिळवलेला कागद कोर्टात कवडीमोल ठरणार असेल, तर मारून मिळवायचं काय? संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराचं कलम १५ हेच सांगतं. तो करार १९८४ चा. आपल्याकडे पोलिसांपुरता हा नियम १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच आला होता.

तो का आला, हे सांगण्यासारखं आहे. मद्रास इलाख्यात रयतेचा छळ होतो अशा तक्रारी पार्लमेंटपर्यंत पोचल्या, तेव्हा कंपनी सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. १८५५ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात पोलीस होते, तसेच सारा वसूल करणारेही होते. सारा थकला म्हणून माणसाला उन्हात उभं करायचं, ओणवं करून बांधून ठेवायचं, बोटं चिमट्यात दाबायची, असे प्रकार त्यात नोंदले आहेत. त्या काळी तिथल्या तहसीलदाराकडे वसुलीही असे आणि पोलिसीही. पुढे कायदा लिहिताना मात्र अविश्वास एकट्या पोलिसावर दाखवला गेला आणि महसुलाचा माणूस निसटला. आजच्या कस्टम हाउसमधल्या विसंगतीचं मूळ मला तिथे दिसतं.

कारण १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवून टाकलं, की कस्टम अधिकारी हा पोलीस अधिकारी नाही, आणि समन्सवर आलेला माणूस त्या टप्प्यावर आरोपीही नाही. म्हणून त्याचा जबाब पुराव्यात चालतो. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, हे राज्यघटनेच्या कलम २० (३) चं संरक्षणही त्याला तेव्हा मिळत नाही. धाकानं किंवा आमिषानं घेतलेला जबाब बाद होतो, हा नियम कस्टमलाही लागू आहे. पण धाक होता असं दिसायला हवं, आणि ते दाखवण्याचं ओझं व्यवहारात जबाब देणाऱ्याच्याच डोक्यावर येतं.

आता याचा परिणाम पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये डीआरआयनं न्हावा शेव्यात दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमधून सुमारे ५० किलो कोकेन पकडलं. अशा मालाचा खटला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली चालतो, आणि त्या कायद्याखालच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. तोफान सिंग खटल्यात २९ ऑक्टोबर २०२० रोजी सुप्रीम कोर्टानं दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं तसं सांगितलं. पण त्याच पेट्यांमागे विदेशी सिगारेटी निघाल्या असत्या, किंवा बाहेर जाणाऱ्या कंटेनरात रक्तचंदन निघालं असतं, तर? अधिकारी तोच, टेबल तेच, प्रश्नही तेच, आणि जबाब मात्र चालला असता. कोकेनवाल्याला जे कवच आहे ते सिगारेटवाल्याला नाही. हे तर्काला धरून आहे असं मला काही केल्या पटत नाही.

अधिकाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. प्रत्येक जबाब दमदाटीनं घेतलेला असतो असं म्हणणं अन्याय्य होईल. जबाब फिरवणं, वकिलांच्या भाषेत रिट्रॅक्शन, हा अनेकदा ठरलेला डाव असतो आणि न्यायाधीशांनाही ते ठाऊक असतं. म्हणूनच खरोखर मार खाल्लेल्या माणसाचं रिट्रॅक्शनही त्याच संशयानं वाचलं जातं.

उरणला सरकारी बळाची ओळख नवी नाही. १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह आणि १९८४ चा जमिनीच्या मोबदल्याचा लढा, दोन्ही वेळा गोळीबार झाला आणि माणसं गेली. गोळीचा आवाज तरी होतो, पुढे स्मारक उभं राहतं. रात्रभर खुर्चीवर बसवून ठेवल्याची खूण कुठे उरते? आंतरराष्ट्रीय कायद्यानं मात्र अशा खूण न ठेवणाऱ्या प्रकारांचीच फार चर्चा केली आहे. उत्तर आयर्लंडमधल्या स्थानबद्धांना ब्रिटिशांनी भिंतीशी ताटकळत उभं केलं, डोक्यावर पिशव्या घातल्या, कर्कश आवाजात ठेवलं, झोपू दिलं नाही, अन्नपाणी तोडलं. १९७८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं या पाचही तऱ्हा अमानुष आणि मानहानीकारक ठरवल्या, ‘छळ’ म्हणायला मात्र ते कचरलं. पण बंदी दोन्हींवर आहे. भारत १९७९ पासून ज्या नागरी व राजकीय हक्कांच्या कराराला बांधील आहे, त्याचं कलम ७ छळ आणि मानहानीकारक वागणूक एकाच वाक्यात निषिद्ध करतं.

झोपेचा प्रश्न आपल्या हायकोर्टातही आला. ऑगस्ट २०२३ मध्ये ईडीनं, म्हणजे सक्तवसुली संचालनालयानं, ६४ वर्षांच्या एका गृहस्थांचा जबाब पहाटे साडेतीनपर्यंत घेतला आणि मग अटक दाखवली. एप्रिल २०२४ मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि मंजुषा देशपांडे यांच्या खंडपीठानं अटक बेकायदा ठरवली नाही, पण झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि ती हिरावता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. माणसानं संमती दिली होती, हा बचावही कोर्टानं मानला नाही. जबाब अवेळी घेऊ नका आणि वेळांबद्दल परिपत्रक काढा, असा आदेश झाला. ईडीनं ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काढलं. ईडीची चौकशीही समन्सवर चालते आणि तीही न्यायिक कार्यवाहीच समजली जाते. तेव्हा हा नियम कस्टमच्या टेबलालाही लागू व्हायला हवा.

पोलिसांसाठीचे नियम आम्हाला नाहीत, ही कस्टमची सबब तर कधीच संपली आहे. डी. के. बसू खटल्याचा निकाल डिसेंबर १९९६ चा. अटकेचा मेमो, नातेवाइकांना खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, हे सगळं त्यातून आलं. त्या निकालात डीआरआय आणि ईडीची नावं घेऊन, यांच्याही ताब्यात छळ आणि मृत्यू झाल्याची उदाहरणं आहेत, असं लिहिलं आहे. ईडीच्या ताब्यात मेलेल्या एका माणसाच्या पत्नीला दोन लाख रुपये द्यायला लावल्याचा दाखलाही त्यात आहे. त्याआधी, १९९० मध्ये, कस्टमच्याच एका प्रकरणात मुंबई हायकोर्टानं सांगितलं, की अटक सुरू होते ती माणसाची मोकळीक रोखल्यापासून. अधिकाऱ्यानं कागदावर टाकलेल्या वेळेपासून नव्हे. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं चौकशीच्या जागी सीसीटीव्ही सक्तीचे केले, त्यात डीआरआय नावानिशी आहे. आणि २७ फेब्रुवारी २०२५ रोजी राधिका अगरवाल खटल्यात तीन न्यायमूर्तींनी कस्टमच्या अटकेलाही बसू निकालातली बंधनं लागू केली. कस्टम अधिकारी पोलीस नाहीत, हे मात्र त्याच निकालात कायम राहिलं. थोडक्यात, अटकेचे नियम पोलिसांचे आणि जबाबाचे नियम महसुलाचे.

संसदेनं हे एका कायद्यानं सोडवायला हवं होतं. छळविरोधी करारावर भारतानं १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. अनुसमर्थन अजून नाही. लोकसभेनं ६ मे २०१० रोजी छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केलं, राज्यसभेत ते निवड समितीकडे गेलं आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर विरलं. त्यातली छळाची व्याख्याही तोकडीच होती; जागरणाचा त्यात उल्लेख नव्हता. विधी आयोगानं २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात नवा मसुदा दिला, तो पडून आहे. किंमत आपणच मोजतो. १९९५ च्या पुरुलिया शस्त्रवर्षावातला आरोपी किम डेव्ही आजही डेन्मार्कमध्येच आहे, कारण भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे, असं म्हणून तिथल्या न्यायालयानं २०११ मध्ये त्याला आपल्या हवाली करायला नकार दिला.

उरण-पनवेलच्या कितीतरी घरांतली मुलं सीएचएकडे आणि सीएफएसमध्ये कामाला आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. समन्स आलं तर जा, टाळू नका. जाताना वेळ घरच्यांना सांगून जा. वकील दिसेल पण त्याला ऐकू जाणार नाही, इतक्या अंतरावर त्याला बसू द्यावं, अशी मुभा सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये दिली होती. तसा अर्ज आधीच लेखी द्या. अटक झालीच तर मेमोवरची वेळ वाचल्याशिवाय सही करू नका. आणि मॅजिस्ट्रेटसमोर पहिल्यांदा उभे राहाल तेव्हाच, त्यांनी विचारायची वाट न पाहता, केव्हापासून बसवून ठेवलं आणि काय झालं ते सांगा, वैद्यकीय तपासणी मागा, सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवायचा अर्ज करा. महिन्यानं केलेल्या तक्रारीवर कोर्टाचा पहिला प्रश्न असतो : त्याच दिवशी का सांगितलं नाहीत?