सायकलवाला की गाडीवाला?

सकाळी फिरून आलो की आमची पाच-सहा जणांची मंडळी डोंबिवलीत चहाच्या टपरीपाशी थांबते. तिथे महिन्यातून एकदा तरी हा वाद निघतोच. रस्त्यावर जास्त बेशिस्त कोण, सायकलवाला की गाडीवाला? सायकल चालवणारा आमच्यात एकच, त्यामुळे निकाल आधीच लागलेला असतो. मीही बहुमतातलाच. पण एका पावसाळ्यात मानपाडा रस्त्यावर जे घडलं, त्यानंतर मला पूर्वीइतक्या जोरात बोलता येत नाही.

रस्त्याकडेला गाडी उभी केली, आरशात पाहिलं, मागून कोणी येत नव्हतं, म्हणून दार उघडलं. पुढे पाहिलंच नाही. उलट्या बाजूनं येणारा पाववाला थेट दारावर आदळला. लाद्या चिखलात पडल्या. क्षणात माणसं जमली आणि सगळी त्यालाच बोलू लागली, "उलटा कशाला येतोस रे?" त्याचं चुकलं होतंच. माझंही चुकलं होतं, पण मला कोणी विचारलं नाही. कोपर त्याचं फुटलं, माझ्या दारावर एक ओरखडा उठला.

सायकलवाल्यांना कायदाच नाही, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. १९८८चा मोटार वाहन कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या वाहनांसाठी. साध्या सायकलला म्हणून परवाना नाही, नंबरप्लेट नाही आणि ई-चलान पाठवायचं तरी कुणाला? पण १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (पूर्वीचं दंड संहितेतलं २७९) बेदरकारपणे कुठलंही वाहन हाकणाऱ्याला लागू आहे. त्यात सायकलही आली. एके काळी तर नगरपालिका सायकलवर कर घेऊन बिल्ला देत असे आणि दिवा नसला की पोलीस अडवत. आता बिल्लाही गेला आणि दिवाही. रात्री घोडबंदर रस्त्यावर ड्यूटी संपवून निघालेला बिनदिव्याचा वॉचमन एकदम पुढ्यात येतो, तेव्हा काळजात धस्स होतं. ही सायकलवाल्यांची चूक मी माफ करायला तयार नाही.

मात्र उलट्या बाजूनं येण्यामागचं गणित वेगळं आहे. पुढच्या चौकापर्यंत जाऊन वळसा घ्यायचा तर आपण फक्त पेट्रोल जाळतो. लाद्यांनी भरलेली सायकल ओढणाऱ्याला तेवढं अंतर पायांनी मारावं लागतं. सिग्नलला थांबलं की पुन्हा वेग धरायला पहिली दोन-चार पॅडल जिवावर येतात, आणि तोवर मागचे हॉर्न बडवत असतात. मोटरसायकलवाल्याला यातली एकही सबब नाही, तरी तोही उलटाच येतो. २०१९च्या दुरुस्तीनं सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून गाडी चालवणं आणि उलट्या दिशेनं जाणं हे सगळं कलम १८४खाली धोकादायक चालवण्यात घातलं आहे.

आता शाळेतलं भौतिकशास्त्र आठवा. धडकेची ताकद वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. सायकल आणि स्वार मिळून ७५ किलो, वेग ताशी १५ किलोमीटर. मोटार १,२०० किलो, वेग ४५. वजन सोळापट, वेग तिप्पट म्हणून वर्ग नऊ. म्हणजे एकशे चव्वेचाळीस पट ऊर्जा! सिग्नल दोघांनी तोडला, चलानाच्या हिशेबानं चूक सारखीच. पण सायकलवाला चुकला तर बहुधा तोच पडतो. मोटारवाला चुकतो तेव्हा पडणारा दुसराच कुणीतरी असतो. (अचानक बाजूनं सुळकन गेलेल्या सायकलीनं दचकणाऱ्या आजीबाईंना हे गणित सांगू नका. त्यांचा राग रास्त आहे.)

टपरीवर मी हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, "म्हणजे उलटं यायला मोकळीक?" मी नाही म्हटलं. पण दार उघडण्यापूर्वी पुढे का पाहिलं नाहीस, हे त्यानंही विचारलं नाही.

पाववाल्यानं चिखलातल्या लाद्या बाजूला काढल्या आणि उरलेल्या मोजल्या. मी नुकसानीचे पैसे दिले, दवाखान्यात चल म्हटलं. "गिऱ्हाईकं खोळंबलीत, साहेब," म्हणत त्यानं पुढचं चाक गुडघ्यांत धरून वाकडं झालेलं हँडल सरळ केलं, आणि उलट्या बाजूनंच निघून गेला.