‘हायपो’ म्हटलं, पण कोणता?

उल्हासनगर जीन्ससाठी ओळखलं जातं. कोऱ्या जीन्सला विटका रंग आणण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. कापडधंद्यात त्याला नुसतं ‘हायपो’ म्हणतात. शेजारच्या अंबरनाथला ‘विमको’च्या कारखान्यात अनेक दशकं काड्यापेट्या बनल्या आणि काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं. दोन्ही क्लोरीन आणि ऑक्सिजनचेच क्षार. एका क्लोरीनमागे ऑक्सिजनचा एक अणू असेल तर हायपोक्लोराइट, दोन असतील तर क्लोराइट, तीन असतील तर क्लोरेट, चार असतील तर परक्लोरेट. त्यांची आम्लं याच क्रमाने हायपोक्लोरस, क्लोरस, क्लोरिक आणि परक्लोरिक. म्हणजे शाळेत कंटाळवाणी वाटलेली ही नावं प्रत्यक्षात मोजमाप सांगतात. ऑक्सिजन वाढतो तशी आम्लाची ताकदही वाढते: हायपोक्लोरस अगदी दुबळं, परक्लोरिक अतिशय तीव्र.

यावर रसायन जाणणारा हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. थंड, विरळ द्रावणात परक्लोरेट जवळजवळ निष्क्रिय असतं. रंग उडवण्याचं आणि जंतू मारण्याचं काम ‘दुबळ्या’ हायपोक्लोरसकडूनच झटपट होतं. चार ऑक्सिजननी वेढलेल्या क्लोरीनपर्यंत दुसऱ्या रेणूला सहज पोचता येत नाही, हे त्याचं एक कारण. तेव्हा नाव घडण सांगतं, धोक्याची पातळी सांगत नाही. पण घडण कळल्याशिवाय धोक्याचा अंदाज तरी कशावरून बांधणार?

दुसरी हरकत व्यवहारातली. कामगार पिढ्यान्‌पिढ्या अर्ध्या नावांवर काम करत आले, मग पूर्ण नावाचा आग्रह कशाला? कारण ‘हायपो’ दोन आहेत. फोटो धुणाऱ्यांचा हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पूर्वी त्याला हायपोसल्फाइट म्हणत, त्यातून हे नाव उरलं. कापडात राहिलेला क्लोरीन काढून टाकायला तोच वापरतात. एक हायपो क्लोरीनचं काम करतो, दुसरा ते थांबवतो! शिवाय हायपोक्लोराइटमध्ये आम्ल पडलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. एकाच आवारात दोन्ही हायपोंचे ड्रम असतील तर अर्धं नाव महागात पडू शकतं.

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत असो वा उल्हासनगरच्या गल्लीत, प्रत्येक ड्रमवर रसायनाचं पूर्ण नाव कामगाराला वाचता येईल अशा लिपीत लिहिलेलं असावं. आणि वाचकांनी घरातल्या ब्लीचच्या बाटलीवरचं नाव आजच पाहावं: सोडियम हायपोक्लोराइट असेल, तर संडास धुण्याच्या अ‍ॅसिडबरोबर ते कधीही मिसळू नये.