ओतीव लोखंडात अडकलेली हवा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातला मुरलेला कारागीर कास्टिंग हाती आलं की आधी त्यावर हातोडीचा हलका ठोका मारतो. खणखणीत वाजलं तर माल चांगला, बद्द वाजलं तर आत कुठेतरी तडा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक पट्ट्यात तयार होणाऱ्या अशा ओतकामाची तपासणी अल्ट्रासॉनिक यंत्रानेही करता येते. ठोका असो की यंत्र, दोघांची भिस्त एकाच गोष्टीवर: लोखंडातून निघालेली लाट हवेशी गाठ पडताच मागे फिरते.

लाटेचा किती भाग परत फिरेल हे पदार्थाची घनता आणि त्यातला ध्वनीचा वेग यांच्या गुणाकारावर ठरतं. त्याला ध्वनिक अवरोध म्हणतात. सीमेच्या दोन्ही बाजूंना अवरोध सारखा असेल, तर समोरून येणाऱ्या लाटेला सीमेचा पत्ताच लागत नाही. एस. जी. आयर्नमध्ये, म्हणजे गोळीदार ग्रॅफाइटच्या ओतीव लोखंडात, ध्वनी सेकंदाला साधारण 5600 मीटर धावतो, हवेत जेमतेम 340. घनतेतला फरक तर हजारोंच्या पटीतला. गुणाकार मांडला की लोखंडाचा अवरोध हवेच्या जवळपास लाखपट भरतो आणि ऊर्जेचे लाखात चारच भाग हवेत उतरतात. हवेऐवजी पाणी असतं, तर सुमारे 14 टक्के ऊर्जा पलीकडे गेली असती.

म्हणूनच ब्लो होल, म्हणजे ओतताना अडकलेला वायू, लपून राहत नाही. 50 मिलिमीटर जाडीच्या एस. जी. कास्टिंगमध्ये लाट तळाला आपटून सुमारे 18 मायक्रोसेकंदांत परतते. पडद्यावर 9 मायक्रोसेकंदांपाशीच उंचवटा उठला, की पोकळी मधोमध आहे.

पण हीच हवा तपासणाऱ्याच्या मुळावरही येते. वाळूच्या साच्यातून निघालेला पृष्ठभाग खरखरीत. यंत्राचा लाट सोडणारा प्रोब टेकवला तरी खाली हवेची फट उरते आणि लाट आत शिरतच नाही. मग ग्रीस किंवा जेल चोपडावं लागतं. सोनोग्राफीतलं जेल याच कारणाचं.

ठोक्याचा नादही हवेमुळेच लांबतो. लाटांना बाहेर पडायला वाट नसते, त्या आतल्या आत येरझारा घालतात. तडा गेला की त्याचे काठ एकमेकांवर घासतात, ऊर्जेची उष्णता होते आणि नाद मरतो. यंत्राला मात्र लाटेच्याच दिशेने गेलेला तडा सहज चकवतो. त्यासाठी तिरपा प्रोब लागतो.

ग्रे आयर्नची तऱ्हा निराळी. त्यातलं ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात असतं, प्रत्येक पापुद्रा ही एक चिमुकली सीमा. लाट विखुरते, वेग 4500 मीटरच्या आसपास उतरतो. वितळलेल्या रसात मॅग्नेशियम दिलं की ग्रॅफाइटच्या गोळ्या बनतात आणि वेग 5500 च्या वर चढतो. त्यामुळे जाडी नेमकी ठाऊक असेल, तर तळावरून परतलेल्या लाटेच्या वेळेवरून मॅग्नेशियमची मात्रा लागू पडली की नाही, हे तुकडा न फोडता कळतं.