एका डब्यासाठी शेकडो कोस

झाडाच्या ढोलीत, खडकाच्या कपारीत किंवा जुन्या पुलाच्या आडोशाला एक साधा डबा लपवून ठेवलेला असतो. उघडून पाहावे, तर आत एक लहानशी वही, पेन्सिलीचा तुकडा आणि क्वचित काचेची गोटी किंवा एखादे स्वस्त खेळणे. बाजारात या साऱ्या ऐवजाला फारशी किंमत येणार नाही. तरीही तो डबा शोधण्यासाठी कोणी अपरात्री झोपेतून उठून निघतो, कोणी शेकडो मैल मोटार हाकतो, तर कोणी समुद्र ओलांडून परदेशी जातो. डबा सापडला, की वहीत आपले नाव व तारीख लिहावयाची, डबा होता तसा पुन्हा लपवावयाचा आणि परत फिरावयाचे. एवढ्यासाठी एवढा प्रवास! माणसे इतक्या दूर का जातात, आणि किती दूर जाणे शहाणपणाचे, या दोन प्रश्नांचा विचार आपण येथे करू.

या छंदाला ‘जिओकॅशिंग’ असे नाव आहे. ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी. ‘कॅश’ हा शब्द येथे रोख रकमेचा वाचक नव्हे. तो ‘लपविणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला आहे. उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत फिरणारे शिकारी परतीच्या वाटेवर उपयोगी पडावा म्हणून काही शिधा लपवून ठेवीत. त्या साठ्याला ते ‘कॅश’ म्हणत. तोच शब्द पुढे या लपविलेल्या डब्यांना मिळाला.

दूर जाऊन आपल्या आगमनाची खूण ठेवून येण्याची हौस मात्र यंत्रयुगाच्या आधीची आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डार्टमूर नावाचा उजाड व दलदलीचा पठारी प्रदेश आहे. तेथे वाटाड्याचा व्यवसाय करणारा जेम्स पेरट हा गृहस्थ हौशी प्रवाशांना क्रॅनमियर पूल नावाच्या दुर्गम जागी नेत असे. तेथवर रस्ता नव्हता. चिखल तुडवीत मैलोगणती चालावे लागे. १८५४ साली पेरटने त्या जागी एक बाटली ठेवली आणि तेथे पोहोचणाऱ्याने आपल्या नावाची चिठ्ठी तीत टाकावी, अशी प्रथा पाडली. पुढे लोक स्वतःचाच पत्ता लिहिलेली कार्डे तेथे ठेवू लागले. नंतर येणारा प्रवासी ती उचलून गावच्या टपालात टाकी. आपले कार्ड घरी परत आले म्हणजे आपल्यानंतर कोणीतरी तेथे पोहोचले, हे कळे. त्या एका बाटलीपासून डार्टमूरवर अशा पेट्या शेकड्यांनी पसरल्या.

डार्टमूरच्या प्रवाशाला वाटाड्या लागत असे. आजच्या शोधकाला वाट दाखविणारे वाटाडे आकाशात आहेत. अमेरिकेने पृथ्वीभोवती सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर कृत्रिम उपग्रहांची एक मालिका फिरत ठेवली आहे. तिलाच आपण ‘जीपीएस’ या नावाने ओळखतो. प्रत्येक उपग्रहावर अतिशय अचूक आण्विक घड्याळ असते, आणि ‘मी अमुक ठिकाणी आहे व आता अमुक वेळ झाली आहे’ असा संदेश तो अखंड पाठवीत असतो. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर या गतीने येतो. तो आपल्या हातातील यंत्रापर्यंत पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला हे कळले, की उपग्रह किती दूर आहे हेही गणिताने कळते. तीन उपग्रहांची अंतरे मिळाली, की आपली जागा ठरविता येते. परंतु आपल्या यंत्रातील घड्याळ साधे असते. त्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात तीनशे मीटरची चूक होते! म्हणून ती चूक सुधारण्यासाठी चौथ्या उपग्रहाचाही संदेश घ्यावा लागतो.

इतकी सूक्ष्म योजना असूनही, २००० सालापर्यंत सामान्य नागरिकाला तिचा पुरता लाभ मिळत नव्हता. शत्रूने उपयोग करू नये म्हणून अमेरिकन सैन्य नागरी संदेशांत मुद्दाम थोडी चूक मिसळीत असे. त्यामुळे यंत्राने दाखविलेली जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शके. शंभर मीटरांच्या परिसरात एक डबा शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणेच होय. १ मे २००० रोजी ही मुद्दाम केलेली चूक काढून टाकण्याचा निर्णय अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जाहीर केला, आणि जगातील नागरी यंत्रे एकाएकी कितीतरी पटींनी अचूक झाली.

या अचूकतेची परीक्षा पाहावी, असे डेव्ह उल्मर या संगणकतज्ज्ञाच्या मनात आले. त्याने ३ मे रोजी ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. तीत नोंदवही, पुस्तके, एक गलोल, घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा अशा किरकोळ वस्तू होत्या. त्या जागेचे अक्षांश-रेखांश त्याने संगणकाच्या जाळ्यावरून जाहीर केले आणि सुचविले, की शोधणाऱ्याने त्यातील काही घ्यावे व आपले काही ठेवावे. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती बादली शोधून काढली. त्यांपैकी पहिला शोधक माइक टीग हा शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातून आला होता. त्याच महिन्याच्या अखेरीस या खेळाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव मिळाले. सप्टेंबरमध्ये या डब्यांची सूची ठेवणारे संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा तीत अवघे ७५ डबे होते. आज जगात अशा डब्यांची संख्या तीस लाखांहून अधिक आहे, आणि अंटार्क्टिकासह सर्व खंडांत ते विखुरले आहेत.

आता शोध प्रत्यक्ष कसा चालतो, ते पाहू. डब्याची जागा अक्षांश व रेखांश यांनी, मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत सांगितलेली असते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १,८५२ मीटर. तेव्हा त्याचा हजारावा भाग दोन मीटरांहूनही कमी भरतो. तथापि दाट झाडी, उंच कडे किंवा इमारती मध्ये आल्या, की संदेश अडतात व यंत्र चुकते. यंत्र आपल्याला डब्यापासून दहा-वीस पावलांवर आणून सोडते; पुढचे काम डोळ्यांचे व बुद्धीचे. उलटा ठेवलेला दगड, नको तेथे पडलेली फांदी, नैसर्गिक वाटणार नाही असा पाल्याचा ढीग, या खुणा ज्याला वाचता येतात, त्याला डबा सापडतो. शोध किती अवघड आणि वाट किती बिकट, यांसाठी प्रत्येक डब्याला एक ते पाच अशा निरनिराळ्या श्रेणी दिलेल्या असतात. वाटेची श्रेणी पाच असेल, तर तेथे दोर, नाव किंवा पाणबुड्याचा पोशाख अशी साधने जवळ असावी लागतात.

घराजवळच पुष्कळ डबे असताना लोक दूर का जातात? याची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. पहिले कारण म्हणजे प्राचीनतेचे आकर्षण. अमेरिकेच्या मध्यभागी कॅन्झस राज्यात मिंगो येथे ११ मे २००० रोजी लपविलेला एक डबा आहे. आज चालू असलेल्या डब्यांत तो सर्वांत जुना मानला जातो. ती जागा ना डोंगराची, ना अरण्याची. सपाट प्रदेशातून जाणाऱ्या हमरस्त्याच्या जवळची. पाहण्यासारखे तेथे काही नाही. तरी देशोदेशींचे शोधक मुद्दाम वाट वाकडी करून तेथे येतात.

दुसरे कारण संग्रहाची पूर्णता. पोस्टाची तिकिटे जमविणाऱ्याला संचातील एक तिकीट कमी असले, की चैन पडत नाही. तसेच येथेही असते. मे २००० पासून आजपर्यंतच्या प्रत्येक महिन्यात लपविलेला निदान एकेक डबा आपण शोधावा, असा कित्येकांचा संकल्प असतो. पण पहिल्या वर्षातील काही महिन्यांचे डबे आता मोजकेच उरले आहेत. ते जेथे आहेत तेथे गेल्यावाचून संच पुरा होत नाही. दुसरे काही जण शोधाच्या व वाटेच्या श्रेणींच्या सर्व ८१ जोड्या पुऱ्या करू पाहतात. अर्ध्या श्रेण्या धरून दोन्ही बाजूंना नऊ-नऊ पायऱ्या होतात, त्यांचा हा गुणाकार.

तिसरे कारण दुर्मिळता. २००१ साली एका चित्रपटाच्या निमित्ताने काही विशेष डबे ठेवण्यात आले होते. बहुतेक लवकरच नाहीसे झाले. दोन मात्र दीर्घकाळ टिकले. त्यांतील एक वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड पर्वतातील एका जुन्या रेल्वे बोगद्यापलीकडे होता. सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीचा तो थंड व काळोखा बोगदा दिव्याच्या उजेडात पार करावा लागे. २०११ साली तो डबा कोणीतरी नेला, आणि त्याची स्थापना पुन्हा होण्यास काही वर्षे लागली. दुसरा डबा ब्राझीलमधील साओ पाउलो राज्याच्या पर्जन्यारण्यात होता. तेवढ्या एका डब्यासाठी लोक खंड ओलांडून गेले. याखेरीज नव्या डब्याच्या वहीत पहिले नाव आपले असावे, या ईर्षेने पहाटेच्या अंधारात घराबाहेर पडणारेही आहेतच.

काही डबे तर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर ठेवले गेले. रिचर्ड गॅरियट या धाडसी गृहस्थाने २००२ साली पाणबुडीतून अटलांटिक महासागराच्या तळाशी, सुमारे २,३०० मीटर खोलीवर एक खूण ठेवली. तोच गॅरियट ऑक्टोबर २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेला आणि तेथील एका कप्प्याची नोंद त्याने ‘डबा’ म्हणून केली. स्थानक पृथ्वीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर फिरते. २०१३ साली अंतराळवीर रिक मॅस्ट्राकियो याने तेथे जाऊन त्या डब्याच्या शोधाची नोंद केली. जाताना त्याने या खेळातील क्रमांक कोरलेला एक प्रवासी बिल्लाही नेला होता. असे बिल्ले एका डब्यातून दुसऱ्या डब्यात, एका शोधकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात राहतात, आणि त्यांचा मालक घरी बसून त्यांच्या प्रवासाची नोंद ठेवतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ या गाडीवरही असाच एक क्रमांक आहे. तो शोधावयास मंगळावर जावे लागत नाही. गाडीने पाठविलेली छायाचित्रे बारकाईने पाहिली म्हणजे पुरे.

परंतु या हौसेला एक दुसरी बाजूही आहे, आणि ती विसरून चालणार नाही. यंत्र डब्याचे अंतर सांगते ते सरळ रेषेत. ‘डबा दोनशे मीटरवर’ असे ते म्हणते; मध्ये दरी आहे, की नदी, की कोणाचे कुंपण, हे ते पाहत नाही. डोळे यंत्राकडे आणि पाय कड्याकडे, अशी अवस्था झाली तर अनर्थ ओढवतो. जून २०१८ मध्ये चेकिया देशातील प्राग शहरी काही शोधक जमिनीखालून वाहणाऱ्या एका ओढ्याच्या बोगद्यात उतरले होते. वर अकस्मात मुसळधार पाऊस कोसळला, पाण्याचा लोंढा आत शिरला आणि त्यात मनुष्यहानी झाली. डबा तेथेच राहिला असता, तर दुसऱ्या दिवशीही सापडला असता. गेलेला जीव परत येत नाही.

इतरांनाही या खेळाचा उपद्रव होऊ शकतो. २०११ साली इंग्लंडमधील वेदरबी गावात एका उपाहारगृहाबाहेर लपविलेली डबी बाँब समजून नष्ट करण्यात आली. रस्ता बंद करावा लागला आणि लोकांची तारांबळ उडाली. अशा अनुभवांतून नियम दृढ होत गेले. जागेच्या मालकाची संमती घ्यावी, मालकाच्या स्पष्ट परवानगीवाचून डब्यासाठी जमीन खणू नये, आत खाद्यपदार्थ किंवा स्फोटक वस्तू ठेवू नये, आणि दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर असावे, असे आजचे नियम आहेत. उल्मरने पहिली बादली जमिनीत पुरली होती. आज मालकाच्या स्पष्ट परवानगीवाचून तसे केले तर सूचीत तिला जागा मिळणार नाही.

निसर्गावरील भार हलका करणारे दोन उपक्रमही या छंदातूनच निघाले. जाताना डबा शोधावा व येताना वाटेवरील केरकचरा उचलून आणावा, अशी मोहीम २००२ पासून चालते. २००४ पासून तर डब्यावाचूनचा शोधही सुरू झाला. अमेरिकेतील भूशास्त्र संस्थेच्या साहाय्याने निवडलेल्या अशा जागी काहीही लपविलेले नसते. तेथील खडक, झरा किंवा दरी हीच ठेव. शोधकाने ती निरखावी, काही मोजमाप करावे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवावी, म्हणजे शोध पुरा झाला. नेण्यासारखे तेथे ज्ञानावाचून दुसरे काही नसते.

तेव्हा माणसे एका डब्यासाठी किती दूर जातात, याचे उत्तर कोसांत देता येणार नाही. कोणी घरामागच्या बागेपर्यंत जातो, कोणी ब्राझीलच्या अरण्यापर्यंत. किती दूर जावे, याचे उत्तर मात्र सोपे आहे: जेथून सुखरूप परत येता येईल आणि जेथे आपल्यामुळे कोणाचे नुकसान होणार नाही, तेथवर. हा सारा खेळ परस्परांवरील विश्वासावर उभा आहे. डब्याला कुलूप नसते, राखणदार नसतो. लपविणारा व शोधणारा बहुधा एकमेकांना कधी भेटतही नाहीत. तरीही आलेला मनुष्य वहीत नाव लिहितो, झाकण घट्ट लावतो आणि मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी डबा पुन्हा पूर्वीच्या जागी ठेवतो. ज्याला डबा सापडत नाही, तो तेथे आपल्याला आढळले नाही असे प्रांजळपणे नोंदवितो. आणि वहीतील नावाइतकीच ती नोंदही पुढच्या शोधकाच्या उपयोगी पडते.