न डागलेल्या तोफा

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात कोलंबिया नदी प्रशांत महासागराला मिळते, तिथे फोर्ट स्टीव्हन्स आहे. किल्ला म्हटले की आपल्याला सिंधुदुर्ग आठवतो. इथे मातीचे बांध आणि काँक्रीटचे मोर्चे. यादवी युद्धाच्या काळात तो उभा राहिला. (जवळच्याच ॲस्टोरिया गावात १९१३ साली गदर चळवळीची सभा भरली होती; आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या चळवळीच्या संस्थापकांपैकी.)

२१ जून १९४२ च्या रात्री जपानची आय-२५ पाणबुडी मासेमारी होड्यांच्या मागोमाग, सुरुंग चुकवीत आली आणि तिने सतरा गोळे डागले. जवान तोफांकडे धावले. इतकी वर्षे कवायत केली ती याच क्षणासाठी! पण हुकूम आला : दिवे मालवा, तोफ डागू नका. झोत दिसला तर आपली जागा शत्रूला कळेल. शिवाय पाणबुडी पल्ल्यात आहे याची खात्री कुठे होती? जवान चडफडले. गोळे वाळूत, दलदलीत पडले. बेसबॉलच्या मैदानाची जाळी मोडली. माणूस एकही दगावला नाही. मला तो हिशेब पटतो. सगळे ‘डागा’ म्हणत असताना ‘नको’ म्हणणे सोपे नव्हे.

१९४७ मध्ये लष्कराने किल्ला सोडला. आज ते सरकारी उद्यान आहे. सुट्टीत कुटुंबे तंबू ठोकतात, रिकाम्या मोर्चांवर मुले चढतात. किनाऱ्यावर १९०६ साली रुतलेल्या ‘पीटर आयरडेल’ जहाजाचा गंजका सांगाडा उभा आहे. त्या हल्ल्यानंतर त्याच्याभोवतीही काटेरी तारा ओढल्या होत्या.