समजून घ्या : डायबिटीस असताना किडनी प्रत्यारोपणाचा फायदा होतो का?

'शुगरनेच किडनी गेली, मग नवी बसवून काय उपयोग?' या शंकेमुळे अनेक घरांत प्रत्यारोपणाचा निर्णय लांबतो. ही शंका कितपत खरी आहे?

डायलिसिस की प्रत्यारोपण?
शस्त्रक्रिया झेपणार असेल, तर प्रत्यारोपण सरस ठरते. १९९९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक मोठा अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्यारोपण झालेल्यांची तुलना प्रतीक्षायादीतील रुग्णांशी केली होती. पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका २.८ पट होता, पण दीर्घकाळात तो ६८ टक्क्यांनी कमी झाला. कमी वयाच्या मधुमेही रुग्णांना तुलनेने जास्त फायदा दिसला.

ऑपरेशननंतर इन्सुलिन का वाढते?
इन्सुलिनचा निचरा करण्यात किडनीचा मोठा वाटा असतो. किडनी निकामी झाली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते आणि डोस कमी लागतो. त्यामुळे शुगर बरी झाली असे वाटते, पण तसे नसते. नवी किडनी सुरू होताच हा निचराही पुन्हा सुरू होतो. त्यात स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमस ही औषधे शुगर वाढवतात. म्हणून केवळ इन्सुलिन वाढले म्हणजे प्रत्यारोपण फसले, असे नाही. मात्र, ही औषधे स्वतःहून कमी केली, तर शरीर नवी किडनी नाकारू शकते.

नवी किडनीही शुगरने खराब होते का?
होऊ शकते, पण त्याला सहसा अनेक वर्षे लागतात. मोठा धोका हृदयाचा आहे. नवी किडनी नीट चालू असतानाही हृदयविकाराने रुग्ण दगावतात. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी हृदयाची कसून तपासणी होते. नंतरही बीपी, कोलेस्टेरॉल आणि पायांच्या जखमांकडे लक्ष द्यावे लागते, तंबाखू सोडावी लागते.

एचबीए१सी पुरेशी आहे का?
पहिल्या काही महिन्यांत नाही. रक्तक्षय किंवा रक्त चढवणे यामुळे आकडा फसवा येऊ शकतो. घरी ग्लुकोमीटरवर नियमित तपासणी हवी.

डॉक्टरांना काय विचाराल?
• डायलिसिस सुरू होण्याआधीच प्रत्यारोपण शक्य आहे का?
• हृदयाच्या कोणत्या तपासण्या लागतील?
• किडनी देणाऱ्या भावंडाची किंवा मुलाची शुगर तपासली का?
• घरी गेल्यावर इन्सुलिनचा डोस कोण ठरवणार?