सकाळी सातचं इंजेक्शन

झाशी जिल्ह्यातलं गरौठा हे तहसिलीचं गाव. तिथे सामुदायिक आरोग्य केंद्र आहे, आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयाच्या तोडीचं. अशा केंद्रासाठी केंद्र सरकारच्या २०१२ च्या मानकांत ३० खाटा आणि १० परिचारिका लिहिल्या होत्या. दहा म्हणजे ऐकायला भरघोस. आता हिशेब मांडू. साप्ताहिक सुट्ट्या, सणवार, किरकोळ आणि अर्जित रजा वजा केल्या, की एक परिचारिका वर्षाला साधारण २५० दिवस कामावर असते. दहाजणींचे झाले २,५०० दिवस. ते ३६५ दिवसांवर पसरले की रोज जेमतेम सातजणी, आणि तीन पाळ्यांत वाटले की एका पाळीला सव्वादोन. त्यातही कुणी बाळंतपणाच्या रजेवर नाही, एकही पद रिक्त नाही, कुणाला मोहिमेला किंवा मीटिंगला धाडलेलं नाही, असं गृहीत धरलंय. एक जण प्रसूतिकक्षात अडकली, की वॉर्ड आणि इमर्जन्सी मिळून सव्वा बाई उरते.

हे गणित गरौठ्यापुरतं नाही. कोणतीही एक जागा चोवीस तास, बारा महिने भरलेली ठेवायची तर वर्षाला १,०९५ पाळ्या लागतात. भागिले २५०, म्हणजे जवळजवळ साडेचार माणसं. म्हणून ‘शंभर परिचारिकांची भरती’ अशी बातमी वाचली की मनातल्या मनात साडेचारने भागावं. रुग्णाच्या उशाशी कोणत्याही क्षणी बावीस-तेवीसच उभ्या असणार.

गरौठ्याच्या परिसरात एखादं बाळ जन्मतःच अडचणीत आलं, तर जिल्ह्यातलं मोठं सरकारी ठिकाण म्हणजे झाशीचं महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय. १९६८ साली सुरू झालेलं. राणीच्या नावामुळे मराठी माणसाला ते उगाच आपलं वाटतं. २०११ च्या जनगणनेत झाशी जिल्ह्याची लोकसंख्या १९,९८,६०३ होती, आणि तिथे येणारे रुग्ण या एकाच जिल्ह्याचे नसतात. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री या महाविद्यालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. दहा बाळं त्याच रात्री गेली, काही नंतरच्या दिवसांत. बातम्यांतून कळलं, की १८ बाळांसाठीच्या कक्षात ४९ बाळं होती.

आगीचं कारण विजेतला बिघाड असल्याचं सांगण्यात आलं. कुणाच्या थकव्याशी तिचा संबंध नाही, आणि तो जोडूही नये. उलट तिथल्या परिचारिकांनी बाळं उचलून बाहेर काढली. मला खटकतो तो १८ आणि ४९ हा आकडा, कारण तो आगीच्या आदल्या रात्रीही खराच असणार. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांत अतिदक्षता विभागात दर पाळीला एका रुग्णामागे एक परिचारिका आहे. १८ बाळांसाठी वर्षाच्या १९,७१० पाळ्या होतात, म्हणजे सुमारे ७९ परिचारिका. ४९ बाळांसाठी ५३,६५५ पाळ्या, म्हणजे २१५ परिचारिका. एका कक्षाला! इतक्या परिचारिका देशातल्या किती सरकारी रुग्णालयांत मिळून तरी असतील, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या गावापुरता विचारून पाहावा. खाट वाढवायला चादर पुरते, पद वाढवायला शासन निर्णय लागतो.

महाराष्ट्राने याबाबत झाशीकडे बोट दाखवू नये. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली, १७ पैकी १० बाळं दगावली, आणि झालेल्या कारवाईत कंत्राटी परिचारिकांच्या नोकऱ्या गेल्या. २०२३ च्या सप्टेंबरअखेर नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यातली १२ नवजात अर्भकं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. प्रत्येक वेळी चर्चा यंत्रांची, औषधांची, ठेकेदारांची झाली. रात्री त्या वॉर्डात किती जणी होत्या आणि किती तासांपासून जाग्या होत्या, हे आपण क्वचितच विचारतो.

कमी पडणारी माणसं मग येतात कुठून? झोपेतून येतात. डबल ड्यूटी, नाईट ऑफ रद्द, ‘तेवढी मॉर्निंग करून जा ना सिस्टर’. सरकारी रुग्णालयांत नाईट साधारण रात्री आठ ते सकाळी आठ, म्हणजे ती मुळातच बारा तासांची. ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांचा ताबा, दिल्याशिवाय हलता येत नाही, आणि ओव्हर घेणारी तरी वेळेवर पोचायला हवी.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटासा प्रयोग छापला. चाळीस माणसं. त्यांना एकदा जागं ठेवलं, एकदा दारू पाजली, आणि दोन्ही वेळा हात-डोळ्यांच्या ताळमेळाची तीच चाचणी घेतली. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका चुकत होता. २४ तास जागा असलेला, ०.१० टक्के असलेल्याइतका. भारतात गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के.

आता पहिल्या नाईटला येणाऱ्या सिस्टरचा दिवस पाहा. सकाळी सातला उठली, कारण मुलांची शाळा आणि डबे नाईट आहे म्हणून थांबत नाहीत. दुपारी डोळा लागला तर लागला. समजा नाही लागला. रात्री बारा वाजता तिचे १७ तास होतात. म्हणजे पाळीचे चार तासच झालेत आणि रस्त्यावरच्या पोलिसाच्या यंत्राच्या भाषेत ती मर्यादा ओलांडून बसली आहे. सकाळी सातला २४ तास, मर्यादेच्या तिपटीहून जास्त. आणि सकाळी सहा ते आठ हीच वॉर्डातली सगळ्यात गर्दीची वेळ. रक्ताचे नमुने, सकाळची इंजेक्शनं, साखर तपासून इन्सुलिन, लघवीची मोजमापं, चार्ट पूर्ण करणं, मग ओव्हर. दशांश चिन्हाची जागा चुकायला यापेक्षा चांगला मुहूर्त शोधून सापडणार नाही.

‘सवय होते’ असं परिचारिका स्वतःच सांगतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ४८ निरोगी माणसांवर हेच तपासलं. सलग १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप मिळालेल्यांची कामगिरी दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीपर्यंत घसरली. त्याहून चमत्कारिक म्हणजे, आपण किती झोपाळलोय हे विचारल्यावर ते ‘थोडंसं’ म्हणत होते. कामगिरी घसरतच गेली आणि जाणीव मागे राहिली. तेव्हा सवय होत असलीच तर ती न कळण्याची होते.

वॉर्डातला पुरावाही आहे. २००४ साली अ‍ॅन रॉजर्स यांनी अमेरिकेतल्या ३९३ परिचारिकांकडून रोजची नोंदवही भरून घेतली. ५,३१७ पाळ्यांचा हिशेब मिळाला. दर पाचांत एकाहूनही कमी पाळ्या वेळेवर संपल्या होत्या. सर्वांत लांब पाळी २३ तास ४० मिनिटांची. साडेबारा तास किंवा त्याहून लांबलेल्या पाळीत चूक होण्याची शक्यता तिप्पट, आणि निम्म्याहून अधिक चुका औषध देण्यातल्या. या चुका परिचारिकांनी स्वतःहून कबूल केल्या होत्या, कारण नाव फुटणार नव्हतं. आपल्याकडे कबुलीचं बक्षीस मेमो असतो, त्यामुळे आपले आकडे नेहमी छान दिसतात.

तिप्पट म्हणजे किती, हे कळायला एक कल्पित रुग्णालय घेऊ. एक हजार खाटा, दर रुग्णाला दिवसाला दहा औषधं. दिवसाला १० हजार, वर्षाला साडेछत्तीस लाख वेळा कुणीतरी काहीतरी रुग्णाच्या तोंडात, शिरेत किंवा स्नायूत घालतं. हजारात ९९९ वेळा अचूक असलेल्या माणसाला आपण निष्णात म्हणू. तरीही वर्षाला ३,६५० चुका, रोज दहा. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी ठरतात. पण थकव्याने हीच अचूकता हजारात ९९७ झाली, तर चुका १०,९५०. परिचारिका तीच, शिक्षण तेच.

माणसं कमी असण्याचा दुसरा हिशेब लिंडा एकेन यांचा, २००२ चा. पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, १०,१८४ परिचारिका, शस्त्रक्रिया झालेले २,३२,३४२ रुग्ण. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हे सावकाराच्या चक्रवाढीसारखं चढतं: चाराच्या जागी आठ रुग्ण झाले की ३१ टक्के. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत, ४,२२,७३० रुग्णांवर पुन्हा तपासलं, पुन्हा ७ टक्केच आले. हेच सूत्र पुढे ओढून ३० रुग्णांपर्यंत नेण्याचा मोह होतो. नेऊ नये. त्या अभ्यासांतल्या सरासऱ्या आपल्या वॉर्डांच्या आसपासही नाहीत.

आणि ही बुडालेली झोप परिचारिकेच्या शरीरातूनही वसूल होते. महिन्याला आठ नाईट धरल्या तर तीस वर्षांत २,८८० रात्री, म्हणजे जवळपास आठ वर्षं रोज रात्री जागरण. अमेरिकेतल्या ७८,५६२ परिचारिकांच्या अभ्यासात तीस किंवा त्याहून जास्त वर्षं फिरत्या रात्रपाळ्या केलेल्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका ३६ टक्के जास्त आढळला. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं.

डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पेलताना इंडिगोचं वेळापत्रक कोलमडलं आणि हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकाची झोप मोजायला लागलं की विमानं जमिनीवर राहतात. परिचारिकेची कुणी मोजतच नाही, त्यामुळे वॉर्ड कधी रद्द होत नाही. १९८७ साली नेमलेल्या सरोजिनी वरदप्पन समितीने परिचारिकांना आठवड्याला ४० तास असावेत असं सुचवलं होतं. सुचवलं होतं, एवढंच.

याला पैसे कुठून आणायचे, असा प्रश्न येणारच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये ठरावीक सरकारी रुग्णालयांना कायद्याने बांधलं: दिवसा एका परिचारिकेमागे सरासरी चारच रुग्ण, रात्री सात. पुढे ‘लॅन्सेट’मध्ये हिशेब आला. २७ रुग्णालयांत १६७ जादा परिचारिका लागल्या, त्यांचा खर्च ३ कोटी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. टळलेले मृत्यू अंदाजे १४५, आणि रुग्णांचे खाटेवरचे वाचलेले दिवस २९,२२२. वाचलेला पैसा खर्चाच्या दुप्पट.

आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाचा हिशेब आपल्यालाही मिळू शकतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. तीन गोष्टी विचारा: गेल्या महिन्यात दर रात्री वॉर्डात रुग्ण किती होते, परिचारिका किती होत्या, आणि त्यातल्या किती जणी आदल्या पाळीपासून सलग कामावर होत्या. तिसऱ्याचं उत्तर ‘अशी नोंद ठेवली जात नाही’ असं आलं, तर ती नोंद ठेवायला सांगणारा दुसरा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा.